आवाज पोचत नाही

सिद्धार्थचा मेसेज आला तेव्हा नीरा भेंडी चिरत होती. 'ताई, सगळ्या फाईल्स रिजेक्ट झाल्या. आवाजच नाहीये त्यात. काय रेकॉर्ड केलंस?' तिने ओल्या अंगठ्याने तो पुन्हा एकदा वाचला आणि सुरी हातात तशीच धरून उभी राहिली. काय रेकॉर्ड केलंस म्हणजे काय? बाबांना रेकॉर्ड केलं. आठवडाभर ऑफिसला रजा टाकून रोज सकाळी, बडोद्याच्या कारेलीबागेतल्या या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून, सोसायटीत भाजीवाल्याची आरोळी आली की थांबून, ती गेली की परत सुरू करून, घामाने निथळत रेकॉर्ड केलं. बाबा पांढरा सदरा घालून खुर्चीवर ताठ बसायचे, जसे काही फोटोच काढायचा आहे. आणि हा न्यू जर्सीत बसून विचारतो, काय रेकॉर्ड केलंस. जणू ती आठवडाभर भेंडीच रेकॉर्ड करत होती.

उद्या दुपारी बाबांना हॉस्पिटलात दाखल करायचं होतं. परवा ऑपरेशन. त्यांच्या स्वरयंत्रात गाठ होती आणि ती एकटी काढता येण्यासारखी राहिली नव्हती, स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा बाबा समोरच बसले होते, पण डॉक्टर नीराकडे बघून बोलत होते. "काकाने पछी बोलाशे नहीं. आपणे स्लेट आपी दईशुं, लखीने कहेशे." बोलता येणार नाही, पाटी देऊ, लिहून सांगतील. किती सोपं. बाबांनी मान हलवली होती, एखाद्या शेजाऱ्याबद्दल ऐकावं तशी. तिच्याच कपाळाची शीर उडायला लागली होती. ती म्हणाली होती, "डॉक्टर, ए सांभळे छे. एमने कहो ने." ते ऐकतात, त्यांना सांगा ना. डॉक्टर हसले, "हा हा, काका तो समजदार छे," आणि पुन्हा तिच्याकडेच बघून पुढचं बोलू लागले. बाहेर आल्यावर रिक्षात बाबा तिला म्हणाले, "एवढं चिडायचं नसतं, नीरू. त्यांना दिवसाला किती पेशंट असतात." घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाले. तो फाटका आवाजही जाणार होता, आणि तिला समजूत घालायला ते तोच वापरत होते.

सिद्धार्थने मार्ग काढला होता. त्याच्याकडे नेहमीच मार्ग असतात. घरी हौसेने गिटार वाजवतो, तळघरात त्याचा छोटा स्टुडिओ आहे, त्यामुळे आवाजातलं सगळं त्याला कळतं. त्याने एक ॲप शोधलं होतं: माणसाचा स्वच्छ रेकॉर्ड केलेला आवाज त्याला द्यायचा, मग पुढे त्या माणसाने फोनवर टाईप केलं की फोन त्याच्याच आवाजात बोलतो. "बाबांचाच आवाज, ताई. घोगरा तर घोगरा. पण बाबांचा." हे ऐकून ती पहिल्यांदा रडली होती, सिद्धार्थसमोर, फोनवर, आणि तेवढ्यापुरतं तिने त्याला सगळं माफ केलं होतं. आई गेली तेव्हा चार दिवसांसाठी येऊन गेला तेसुद्धा. मग खोकं आलं. स्पंजमध्ये गुंडाळलेला जाड माईक, त्याला उभा करायचा स्टँड, केबल, आणि लॅपटॉप नि माईक यांच्या मधे जोडायची एक लाल पेटी, तिच्यावर आवाज वाढवायचं बटण. व्हिडिओ कॉलवर सिद्धार्थने एकेक गोष्ट लावून घेतली. तिने ती लावली. हिरवा दिवा लागला. सिद्धार्थ म्हणाला, "परफेक्ट," आणि बाबांनी लाल पेटीला हात जोडले.

पण पहिल्या दिवसापासून आवाज लहानच येत होता. लॅपटॉपवर एक आडवी पट्टी होती. बोललं की ती हिरवी होत पुढे सरकायला हवी. बाबा बोलायचे आणि पट्टी जेमतेम कडेला थरथरायची. सिद्धार्थ म्हणाला, बटण फिरव. तिने अर्धं फिरवलं, मग पूर्ण फिरवलं. बाबा तेवढेच राहिले आणि त्यांच्याभोवती नुसता सूंऽ असा आवाज वाढला. सिद्धार्थ म्हणाला, केबल खराब असेल. ती उन्हात रावपुऱ्यात जाऊन नवी केबल घेऊन आली. दुकानातला माणूस म्हणाला, "बेन, काकाने कहो ने जरा जोरथी बोले." गळ्यात गाठ असलेल्या माणसाला. सिद्धार्थ म्हणाला, पेटीवरचं माईकला वीज सोडायचं बटण दाबलं नसशील. दाबलं होतं. मग माईक जवळ घे. घेतला. एवढा जवळ की बाबांच्या मिशा जाळीला लागायच्या. शेवटी सिद्धार्थही तेच म्हणाला, थोडं गोड करून: "बाबा, जरा मोठ्यानं. पोटातून. एनर्जी पाहिजे." आणि बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी घरात कोणाला हाक मारतानासुद्धा शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा आवाज काढला नव्हता, ते पोटातून बोलायचा प्रयत्न करायचे, खोकायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि खोकला थांबला की त्या पेटीकडे बघून म्हणायचे, "माझाच गेलाय गं आवाज. यंत्राचा काय दोष."

हे 'यंत्राचा काय दोष' तिला सहन व्हायचं नाही. कशाचाच कधी दोष नसायचा. इरिगेशनच्या कचेरीत तीस वर्षं बाबांनी कालव्यांचे नकाशे काढले आणि खाली सही दुसऱ्याची. त्याचा काय दोष, साहेब म्हटल्यावर सही त्याचीच. संध्याकाळचे गाण्याच्या वर्गाला जायचे, मोठी तालीम घेतलेला माणूस, पण गायचे ते अंघोळीनंतर, देवासमोर, आईची झोपमोड होणार नाही इतकं. आणि गणपतीतली ती रात्र. मंडळाच्या मांडवात त्यांचं गाणं ठरलं होतं. नीरा तेव्हा परकर-पोलक्यातली, पहिल्या रांगेत. बाबा तानपुरा घेऊन बसले, तोंड उघडलं, आणि माईकमधून काहीच आलं नाही. मागून लोक ओरडायला लागले, "आवाऽज! आवाऽज!" माईकवाला तोंडातला मावा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत तारा हलवत होता. तिला अजून ती वास येणारी सतरंजी आठवते, बाबांच्या कानांची लाल झालेली टोकं आठवतात. ती उठून उभी राहिली होती आणि सगळ्या मांडवाकडे वळून किंचाळली होती, "गप्प बसा! माझ्या बाबांना गाऊ द्या!" लोक हसले. बाबांनी हात जोडले, तानपुरा आडवा ठेवला आणि उतरले. त्यांच्यानंतर कुठल्याशा अधिकाऱ्याचा जावई बसला आणि माईक खणखणीत चालू झाला. घरी येताना बाबा तिचं बोट धरून म्हणाले होते, "माईकवाल्याचा काय दोष." त्या रात्री तिने ठरवलं होतं की ह्या माणसाला राग येत नाही, तर तो आपण धरायचा. आणि धरला. शाळेच्या फीवरून, पेन्शनच्या खिडकीवर, गॅसच्या नंबरावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, प्रत्येक ठिकाणी बाबा मागे उभे आणि पुढे नीरा. लोक तिला कजाग म्हणायचे. म्हणोत.

तिने भेंडी तशीच टाकली, हात पुसले आणि मागच्या खोलीत गेली. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, त्यांना काही सांगितलं नाही. लॅपटॉप उघडला, कानाला हेडफोन लावले. आजवर तिने एकही फाईल नीट ऐकली नव्हती. हे आता तिच्या ध्यानात आलं आणि त्याचाही तिला संताप आला, कारण सिद्धार्थनेच सांगितलं होतं, तू ऐकत बसू नकोस, मला पाठव. पहिली फाईल. सूंऽ. काहीच नाही. तिने आवाज शेवटपर्यंत वाढवला. सूं वाढला, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या पंख्याची घरघर, आणि त्या घरघरीच्या पलीकडे, समोरच्या बिल्डिंगमधून कोणी बोलावं तसे बाबा. ती डोळे मिटून ऐकू लागली. शब्द लागत नव्हते. आणि एकदम कोणीतरी तिच्या कानात बोंबललं, "हं बाबा, थांबा जरा, आता परत!" तिने हेडफोन खेचून काढले. तिचाच आवाज. केवढा मोठा, केवढा कर्कश, प्रत्येक अक्षर कापून काढल्यासारखं. तिने पुन्हा लावले. पुढे बाबा, लांबवर. मग सिद्धार्थ, लॅपटॉपच्या स्पीकरमधून आलेला, भरदार: "बाबा, जरा मोठ्यानं!" मग बाबा, पुन्हा लांबवर, मोठ्यानं. सगळ्या फाईलींत हेच. मुलगा ऐकू येतो, मुलगी ऐकू येते, तिची बोटं कळफलकावर टकटक करतात तीसुद्धा येतात. ज्याला ऐकायचं तो माणूस तेवढा येत नाही.

तिचे डोळे भरून आले आणि लगेच कोरडे झाले, कारण रडण्याच्या आत तिला प्रश्न पडला. असं का? बाबांचं तोंड माईकला टेकलेलं, आणि ती टेबलाच्या पलीकडे, लॅपटॉपमागे, हातभर लांब. लांबचा माणूस मोठा आणि जवळचा लहान, हे कुठल्या न्यायाने? ती बाबांच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "एक, दोन, तीन." पट्टी थरथरली. उठून आपल्या जागी गेली. "एक, दोन, तीन." पट्टी उडी मारून जवळजवळ लाल झाली. ती माईकभोवती बोलत बोलत हळूहळू फिरू लागली, एक, दोन, तीन, एक, दोन, तीन, आणि पट्टी वाढत गेली, कमी होत गेली, पुन्हा वाढली. माईक एकाच बाजूने ऐकत होता. ज्या बाजूच्या जाळीखाली कंपनीचं नाव कोरलं होतं त्या बाजूने. आणि ते नाव तिच्याकडे होतं, लॅपटॉपकडे. तिला लखकन आठवलं. पहिल्या दिवशी सिद्धार्थ म्हणाला होता, "ताई, नाव दिसू दे मला कॅमेऱ्यात, तोच आलाय ना बघतो." तिने माईक लॅपटॉपकडे फिरवला होता. तो म्हणाला होता, "परफेक्ट." तसाच राहिला होता.

तिने त्याला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं, तो हातात कॉफी घेऊन स्क्रीनवर आला. तिने सांगितलं. तो हसला. मोठ्यांदा, मनापासून. "ओ गॉड, ताई, तू उलटा लावलास माईक!"

"तू म्हणालास नाव दाखव."

"हो, पण नंतर परत फिरवायचा ना. कॉमन सेन्स आहे. असू दे, निदान सापडलं. आता घेऊन टाकू, आज अजून टाईम आहे."

असू दे. तिच्या मनात आलं की हा मोबाईल भिंतीवर फेकावा. आठवडाभर एका माणसाला ऐकवलं की तुझा आवाज पोचत नाही, त्याचं उरलंसुरलं झिजवून घेतलं, आणि असू दे! पण ऐकवलं कोणी? पट्टी बघून 'थांबा, आता परत' कोण म्हणत होतं? हा विचार आला तसा तिने तो बाजूला सारला. तिने माईक फिरवला. अर्धा वळसा, दोन बोटांनी. मग बाबांना बोलवायला गेली.

"बाबा, तुमचा आवाज ठीक होता. माईकच उलटा होता."

बाबांनी पेपर खाली केला. "उलटा म्हणजे?"

"त्याची पाठ तुमच्याकडे होती. तो एकाच बाजूने ऐकतो."

"आठवडाभर?"

"हो."

त्यांनी पेपराची घडी घातली, ती पुन्हा मोडून नीट घातली. उठले, आत आले, खुर्चीवर बसण्याआधी माईकला सगळ्या बाजूंनी पाहिलं. "म्हणजे मी भिंतीशी बोलत होतो," ते म्हणाले. नीराने वाट पाहिली, आता ते म्हणतील की यंत्राचा काय दोष. ते म्हणाले नाहीत.

स्क्रीनवरून सिद्धार्थ म्हणाला, "गुड मॉर्निंग बाबा! रेडी? तीच वाक्यं. आज एकदम झकास येणार."

ॲपने दिलेल्या वाक्यांचा कागद बाबांच्या समोर चिकटवलेला होता. ते वाचू लागले. "मला पाणी हवे आहे." पट्टी अर्ध्यावर आली, छान, भरलेली हिरवी. नीराने हेडफोन लावले होते आणि तिच्या अंगावर काटा आला. बाबा तिच्या डोक्याच्या आत बोलत होते. घोगरेपणाच्या मागे त्यांचा जुना आवाज अजून होता, शब्द सोडताना शेवटचं अक्षर सांभाळून ठेवणारा. "मला वेदना होत आहेत. कृपया नर्सला बोलवा. आपल्या मदतीबद्दल मी आभारी आहे. माझ्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल मी..." ते थांबले.

"दिलगीर आहे," सिद्धार्थने सुचवलं. "वाचा, बाबा. आलं मस्त."

"कशाबद्दल?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"कशाबद्दल दिलगीर आहे? त्रास मला झालाय."

"बाबा, ते स्टँडर्ड वाक्य आहे. ॲपला फक्त आवाज पाहिजे, अर्थ नको."

"मला पाहिजे." बाबांनी कागद ओढून काढला, चिकटपट्टीसकट. "आठवडाभर हे वाचलंय मी. भिंतीला वाचून दाखवलंय, मी दिलगीर आहे, मी आभारी आहे. मी नाहीये आभारी. तो डॉक्टर माझ्या गळ्यात नळी घालून नीरूशी बोलतो. माझा गळा! मी काय रेडिओ आहे, बिघडलाय म्हणून दुकानात आणलाय? ही वाक्यं मला नकोत. हे घे. सुरू आहे ना? हे घे: थांबा, माझं बोलणं संपलं नाही. घेतलं? दुसरं: मला विचारा, तिला नको. तिसरं: नाही. नुसतं नाही. दहा वेळा घे, वेगवेगळं. नाही. नाही! नाही म्हटलं ना!"

पट्टी लाल झाली. "बाबा, पीक होतंय," सिद्धार्थ घाईने म्हणाला, "फाटतोय आवाज. ताई, त्यांना सांग ना, जरा हळू." हळू. नीराने एका बोटाने त्याचा कॉल बंद केला. लाल पेटीवरचं बटण थोडं मागे फिरवलं. किती वर्षांपासून ती हे ऐकायला थांबली होती. "बोला बाबा," ती म्हणाली. "त्या डॉक्टरला तर मी उद्या चांगली..."

"तू गप्प बस."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण हेडफोनमध्ये चूक होण्याला जागा नव्हती.

"तू मधे बोलू नकोस. सगळीकडे तू. मला राग यायच्या आत तुला आलेला असतो. मी तोंड उघडतो आणि तू बोलून मोकळी. पेन्शनच्या खिडकीवर, सोसायटीत, त्या दिवशी डॉक्टरसमोर. मला बोलायचं होतं त्याला. मी वाक्य जुळवत होतो. तू मधे पडलीस आणि मी समजूतदार काका झालो."

"मी तुमच्यासाठी..."

"माहीत आहे. माझ्यासाठी. मंडळातसुद्धा माझ्यासाठीच ओरडलीस."

"तुम्ही उठून गेलात म्हणून!"

"तू ओरडलीस म्हणून मी उठलो," बाबा म्हणाले. "त्याआधी कुठे उठलो होतो? माईक बंद पडला तर बरंच झालं असं मनात आलं होतं. म्हटलं, तसंच गाऊ. गुरुजींनी कुठे माईक वापरला कधी. षड्ज लावणार तेवढ्यात तू उभी राहिलीस आणि सगळा मांडव हसला. मग काय गाणार. पोरीच्या रदबदलीवर गातो का कोणी?"

नीराला राग आला, चांगला सणसणून आला, ह्या वेळी बाबांसाठी नाही, बाबांवर, आणि तो इतका नवा होता की कसा धरायचा हे तिला कळेना. "मी नऊ वर्षांची होते, बाबा!"

"आणि आता पन्नाशीला आलीस. फरक पडलाय का?"

"मग तेव्हाच का नाही बोललात? चाळीस वर्षं का नाही बोललात? आज बोलता? उद्या ॲडमिट व्हायचं आणि आज?"

"आज बोलता येतंय म्हणून!"

"मी लग्न केलं नाही, नोकरी बडोद्याबाहेरची घेतली नाही..."

"मी सांगितलं होतं? एकदा तरी म्हटलं होतं, नीरू, थांब?"

"म्हणायचं असतं का ते!"

"म्हणायचं असतं! सगळं म्हणायचं असतं! मी म्हटलं नाही म्हणून तर..." खोकला आला. ते दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून खोकले, नीरा पाणी घेऊन उठली, त्यांनी हातानेच तिला खाली बसवलं, पेला मात्र घेतला. प्यायले आणि पुन्हा सुरू झाले. सिद्धार्थबद्दल, तो आईच्या तेराव्याआधी परत गेला त्याबद्दल. साहेबाच्या सहीबद्दल. आईने त्यांचं गाणं एकदाही पूर्ण ऐकलं नाही त्याबद्दल, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज एकदम वर चढून फाटला आणि फाटलेलाच राहिला, पण थांबला नाही. नीरा उलट बोलत होती, ते उलट बोलत होते, दोघांनी मिळून आईचीसुद्धा बाजू घेतली आणि सोडली. खिडकीला लावलेली गोधडी कधीतरी सुटून खाली पडली होती. मधेच बाबा म्हणाले, "भेंडीत चिंच घालत जा, तुझी भेंडी मला कधीच आवडली नाही," आणि ती म्हणाली, "मग करा स्वतः!" आणि हेही पट्टीवर हिरवं होऊन पुढे सरकलं.

दाराची घंटा वाजली. एकदा, मग लगेच पुन्हा. नीराने डोळे पुसले, हेडफोन टेबलावर ठेवले आणि दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधल्या दक्षाबेन उभ्या होत्या, हाताला पीठ लागलेलं, मागे त्यांच्या घराचं दार सताड उघडं.

"नीराबेन, बधुं बराबर छे ने? कोण बूमो पाडे छे?" सगळं ठीक आहे ना, कोण ओरडतंय.

आतून बाबांचा आवाज आला. "कोण आहे? दक्षाबेन? कहो एमने, बराबर नथी! जरा पण बराबर नथी! पण अंदर आवो, बेसो!"

दक्षाबेन दचकल्या. त्यांनी नीराच्या खांद्यावरून आत वाकून पाहिलं. बारा-पंधरा वर्षं त्या शेजारी होत्या. जिन्यात भेटले की बाबा मान लववून बाजूला होत. "आ काकानो अवाज?" त्या हळूच म्हणाल्या. "आवडो मोटो अवाज छे काकानो?" एवढा मोठा आवाज, काकांचा.

"आजे छे," नीरा म्हणाली. त्यांना आत येता यावं म्हणून ती दारातून बाजूला सरकली, आणि त्या चप्पल काढेपर्यंत बाबांनी पुढचं वाक्य सुरू केलं होतं.